केकियोंगा, १७९०: हुकूम केंद्राचा, माणसे राज्यांची

१७९० च्या सप्टेंबरअखेरीस ओहायो नदीकाठच्या फोर्ट वॉशिंग्टन या ठाण्यातून, म्हणजे आज जेथे सिनसिनाटी शहर आहे तेथून, ब्रिगेडियर जनरल जोसाया हार्मर यांच्या हाताखाली १,४५३ माणसे उत्तरेकडे, मूळ रहिवाशांच्या केकियोंगा या ठिकाणाकडे, निघाली. त्यांतले ३२० जण संघराज्याच्या कायम फौजेतले पगारी शिपाई होते. उरलेले १,१३३ जण केंटकी आणि पेनसिल्व्हेनिया येथील मिलिशियाचे होते, म्हणजे दर पाच माणसांत जवळजवळ चार माणसे हार्मर यांच्या सरकारने भरती केलेली नव्हती, शिकवलेली नव्हती आणि त्यांच्या हातातली बंदूकही त्या सरकारने दिलेली नव्हती. ३ नोव्हेंबरला ही फौज परत आली तेव्हा १८३ माणसे मारली गेली होती किंवा बेपत्ता होती. नव्या राज्यघटनेखाली अमेरिकेच्या केंद्र सरकारने काढलेली ही पहिली मोठी मोहीम होती.

या पराभवाचे खापर कोणी हार्मर यांच्या दारूवर फोडले, कोणी मिलिशियाच्या भित्रेपणावर. दोन्ही आरोपांची दखल पुढे घेतली आहे. पण या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट रणांगणाच्या फार अलीकडे, त्या वेळी राजधानी असलेल्या न्यूयॉर्कमध्ये काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, सभागृहात घडली, किंवा खरे तर घडायची राहून गेली. राज्यांची माणसे सरहद्दीवर बोलावण्याचा कायदा काँग्रेसने १७८९ मध्येच केला. त्या माणसांनी कोणत्या शस्त्रानिशी आणि कोणत्या तयारीने यावे हे ठरवण्याचा अधिकारही घटनेने काँग्रेसलाच दिला होता, परंतु तो तिने १७९२ च्या मे महिन्यापर्यंत वापरलाच नाही. हार्मर यांची मोहीम या दोन तारखांच्या मधल्या काळात सापडली.

मिलिशिया म्हणजे कोण

मराठी वाचकाला ‘मिलिशिया’ म्हटले की शिबंदी आठवते, पण तुलना अर्धीच जुळते. शिबंदी ही किल्ल्याच्या वा महालाच्या बंदोबस्तासाठी पगारावर ठेवलेली माणसे असत. अमेरिकेतील मिलिशिया कायम पगारावर नव्हती. प्रत्येक राज्याच्या कायद्याप्रमाणे अंगात बळ असलेल्या गोऱ्या पुरुषांची नावे गावच्या पथकात नोंदलेली असत, वर्षातून ठरावीक दिवशी त्यांनी हजेरी द्यावी आणि प्रसंगी आपलीच बंदूक घेऊन यावे अशी अपेक्षा असे. त्यांचे अधिकारी राज्याचे असत, बहुधा त्यांच्याच परिसरातले जमीनदार. ज्याला जायचे नसेल त्याने आपल्या जागी बदली माणूस द्यावा, ही चाल सगळीकडे मान्य होती. या बदली माणसाची या प्रकरणात मोठी भूमिका आहे.

क्रांतियुद्ध संपल्यावर कायम फौजेची अमेरिकी लोकांना भीतीच वाटत होती. इंग्लंडच्या राजाचे लालकोटवाले बॉस्टनमध्ये वागले कसे, हे ते विसरले नव्हते. २ जून १७८४ रोजी काँग्रेसने उरलेल्या सैन्यातले केवळ ८० शिपाई ठेवले, २५ फोर्ट पिट येथे आणि ५५ वेस्ट पॉइंट येथे, तेही कोठारांवर पहारा देण्यासाठी. दुसऱ्याच दिवशी ओहायोच्या सरहद्दीसाठी पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क, कनेटिकट आणि न्यूजर्सी या चार राज्यांनी मिळून ७०० माणसे एक वर्षासाठी द्यावीत असा ठराव झाला. या तुकडीचे नेतृत्व हार्मर यांच्याकडे आले, कारण सर्वांत जास्त माणसे, २६०, पेनसिल्व्हेनियाने द्यायची होती आणि ते पेनसिल्व्हेनियाचे होते. ‘केंद्राची फौज’ म्हणून जी उभी राहिली तिची भरतीही अशी राज्यवार वाट्याने झालेली होती. १७८९ मध्ये युद्धमंत्री हेन्री नॉक्स यांनी हिशेब दिला तेव्हा मंजूर संख्या ८४० होती आणि प्रत्यक्षात होते ६७२. एवढ्या माणसांनी पेनसिल्व्हेनियापासून वाबाश नदीपर्यंतची सरहद्द राखायची होती.

सरहद्द कोणाची

‘सरहद्दीचे संरक्षण’ हा शब्दप्रयोग त्या काळच्या कागदपत्रांत सर्वत्र आढळतो. तो जसाच्या तसा उचलला तर या प्रकरणाचा अर्धा भाग दिसेनासा होतो. ओहायो नदीच्या उत्तरेचा मुलूख मायामी, शॉनी, डेलावेअर आणि इतर मूळ रहिवासी लोकांचा होता. १७८५ चा फोर्ट मॅकिंटॉशचा, १७८६ चा फोर्ट फिनीचा आणि जानेवारी १७८९ चा फोर्ट हार्मरचा, अशा तीन तहांतून अमेरिकेने जमिनीवर हक्क सांगितला होता. पण मायामी लोकांनी आणि बहुतेक शॉनी लोकांनी हे तह मानले नाहीत, कारण सही करणाऱ्यांना सर्वांच्या वतीने जमीन देण्याचा अधिकारच नव्हता असे त्यांचे म्हणणे होते. खुद्द नॉक्स यांनी जून १७८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांना लिहिले की जमिनीचे आधीचे रहिवासी म्हणून हक्क त्यांचा आहे आणि त्यांच्या खुशीशिवाय, किंवा न्याय्य युद्धातील विजयाशिवाय, तो काढून घेता येत नाही. त्याच अहवालात त्यांनी हेही मांडले की बळाने काम करायचे तर २,५०० माणसे आणि २ लाख डॉलर लागतील, आणि एवढा पैसा सरकारजवळ नाही.

दुसऱ्या बाजूला केंटकीतील वसाहतवाले होते. त्या वेळी केंटकी हा व्हर्जिनिया राज्याचाच एक भाग होता आणि राजधानी रिचमंड डोंगरांपलीकडे दूर होती. केंटकीचे न्यायाधीश हॅरी इनेस यांनी जुलै १७९० मध्ये नॉक्स यांना कळवले की १७८३ पासून सुमारे १,५०० माणसे मारली किंवा पळवून नेली गेली आणि २०,००० घोडे चोरीस गेले. आकडे त्यांच्या अंदाजाचे आहेत, परंतु त्यामागचे दुःख खोटे म्हणता येणार नाही. ज्यांच्या घरातले माणूस गेले होते त्यांना न्यूयॉर्कच्या सरकारने ‘तहाची वाट पाहा’ म्हणून सांगणे असह्य वाटत होते, आणि म्हणून ते स्वतःच नदी ओलांडत.

त्याचे परिणाम भयंकर झाले. ऑक्टोबर १७८६ मध्ये बेंजामिन लोगन यांच्या नेतृत्वाखाली केंटकीच्या मिलिशियाने मॅड नदीकाठची शॉनी गावे जाळली. तेथे मोलुन्था नावाचे वृद्ध शॉनी प्रमुख होते. त्याच वर्षीच्या जानेवारीत त्यांनी फोर्ट फिनीच्या तहावर सही केली होती. मिलिशिया आली तेव्हा त्यांनी अमेरिकेचा झेंडा आणि तहाचा कागद पुढे केला आणि ते शरण आले. शरण आल्यानंतर मिलिशियाचे एक अधिकारी ह्यू मॅकगॅरी यांनी कुऱ्हाडीने त्यांना ठार मारले. १७८८ च्या ऑगस्टमध्ये पॅट्रिक ब्राऊन हे सुमारे ६० केंटकीवासी घेऊन व्हिन्सेन्सजवळ आले आणि अमेरिकेशी सलोख्याने राहणाऱ्या पियानकशॉ लोकांवर त्यांनी हल्ला केला. व्हिन्सेन्सच्या ठाण्यावर मेजर जॉन हॅमट्रॅमक हे केंद्राचे अधिकारी होते. त्यांनी ब्राऊन यांना निघून जाण्याचा हुकूम दिला. ब्राऊन यांनी तो जुमानला नाही, आणि सक्ती करण्याइतके शिपाई हॅमट्रॅमक यांच्यापाशी नव्हते. पुढच्याच वर्षी कर्नल जॉन हार्डिन यांनी वाबाशच्या बाजूला अशीच एक चढाई केली.

मिलिशियाविषयीची बहुतेक लेखने ती लढाईत टिकते की नाही एवढेच विचारतात. येथे प्रश्न त्याहून मोठा होता. केंद्राने एका हाताने तह करावा आणि राज्याच्या माणसांनी दुसऱ्या हाताने तो फाडावा, असे सहा वर्षे चालले होते, आणि म्हणून ओहायोच्या उत्तरेला ‘अमेरिकेचा शब्द’ या गोष्टीला किंमत उरली नव्हती.

बोलावण्याचा कायदा

घटनेने मिलिशियाची वाटणी तीन जागी केली होती. मिलिशियाला संघटित करणे, शस्त्रसज्ज करणे आणि तिची शिस्त ठरवणे हे काँग्रेसचे काम; अधिकारी नेमणे आणि काँग्रेसने ठरवलेल्या शिस्तीप्रमाणे शिकवणे हे राज्यांचे काम; आणि ती संघराज्याच्या सेवेत आली की तिच्यावर आज्ञा राष्ट्राध्यक्षांची. तिन्ही भाग जागेवर असतील तरच ही रचना चालणार होती.

२९ सप्टेंबर १७८९ रोजी, पहिल्या अधिवेशनाच्या अगदी अखेरीस, काँग्रेसने असलेली फौज नव्या घटनेखाली चालू ठेवणारा छोटा कायदा केला आणि त्यातच एक कलम घातले, की सरहद्दीवरील रहिवाशांच्या रक्षणासाठी राष्ट्राध्यक्षांनी त्यांना आवश्यक वाटेल तेवढी राज्यांची मिलिशिया बोलवावी आणि तिला कायम फौजेइतकाच पगार मिळावा. आठवड्याभरात, ६ ऑक्टोबर रोजी, वॉशिंग्टन यांनी वायव्य प्रांताचे गव्हर्नर आर्थर सेंट क्लेअर यांना व्हर्जिनियातून १,००० आणि पेनसिल्व्हेनियातून ५०० माणसे बोलावण्याची मुभा दिली. जानेवारी १७९० मध्ये नॉक्स यांनी मिलिशियाच्या फेररचनेची मोठी योजना काँग्रेसपुढे ठेवली. तीत वयाप्रमाणे तीन वर्ग होते, आणि १८ ते २० वर्षांच्या तरुणांनी दरवर्षी काही दिवस छावणीत राहून सरकारी खर्चाने शिक्षण घ्यावे असे सुचवले होते. खर्च फार आणि तरुणांना कामधंद्यापासून दूर नेणारी म्हणून ती मागे पडली.

एप्रिल १७९० मध्ये कायम फौजेची मंजूर संख्या वाढवून १,२१६ केली गेली, आणि त्याच कायद्याने साध्या शिपायाचा पगार महिना ३ डॉलरवर आणला. त्यातूनही कपड्यांचे ९० सेंट आणि औषधोपचाराचे १० सेंट कापले जात. मिलिशियाचा पगार कायम फौजेच्या पगाराला बांधलेला होता, त्यामुळे ही कपात तिच्याही वाट्याला आली. पीक कापणीला आलेले असताना, ज्याच्याकडे चांगली बंदूक, घोडा आणि जमीन आहे असा सरहद्दीवरचा माणूस ३ डॉलरसाठी परमुलखात का जाईल? तो बदली माणूस पाठवील.

फोर्ट वॉशिंग्टनवर जे आले

१५ जुलै १७९० रोजी सेंट क्लेअर यांनी केंटकीच्या आणि पश्चिम पेनसिल्व्हेनियाच्या काउंटी लेफ्टनंटांना पत्रे धाडली. केंटकीच्या १,००० पैकी ३०० जणांनी हॅमट्रॅमक यांच्याकडे व्हिन्सेन्सला जावे आणि बाकीच्यांनी हार्मर यांच्याकडे यावे, असे ठरले. काउंटी लेफ्टनंट हा राज्याचा नोकर होता. केंद्राच्या मागणीप्रमाणे माणसे भरून देणे हे त्याचे काम, परंतु ती कोणती असावीत हे पाहण्याचा केंद्राला काही मार्ग नव्हता. आकडा पुरा झाला की मागणी पुरी झाली.

सप्टेंबरमध्ये माणसे येऊ लागली तेव्हा तोफखान्याचे अधिकारी विल्यम फर्ग्युसन यांनी जे पाहिले ते त्यांनी पुढच्या वर्षी चौकशीत शपथेवर सांगितले. पुष्कळांच्या बंदुका नादुरुस्त होत्या, काहींना चापच नव्हता. त्या फोर्ट वॉशिंग्टनवर दुरुस्त करून मिळतील असे गृहीत धरून माणसे आली होती. बरेच जण बदली होते, त्यांत म्हातारे, अशक्त आणि कोवळी पोरेही होती. सरहद्दीवरचा मुरब्बी नेमबाज, ज्याच्या भरवशावर फिलाडेल्फियापासून न्यूयॉर्कपर्यंत सगळे बोलत होते, तो घरीच राहिला होता. हा शेवटचा मुद्दा मला निर्णायक वाटतो, कारण मिलिशियाच्या बाजूने आणि विरुद्ध होणाऱ्या सर्व भाषणांत ‘मिलिशिया’ म्हणजे समाजातील शेतकरी-नागरिक असे धरलेले असते. केकियोंगाला गेली ती मिलिशिया कागदावर तीच होती, पण प्रत्यक्षात तिच्या जागी दुसरीच माणसे उभी होती.

नेतृत्वाचा तंटाही लगेच उभा राहिला. केंटकीची माणसे म्हणू लागली की आम्ही कर्नल जेम्स ट्रॉटर यांच्याच हाताखाली जाऊ, तर ज्येष्ठतेने मान हार्डिन यांचा होता. अधिकारी नेमणे हा राज्याचा विषय असल्यामुळे हार्मर यांना केवळ तडजोड करता आली: केंटकीच्या पलटणी ट्रॉटर यांच्याकडे आणि सगळ्या मिलिशियाचे मिळून नेतृत्व हार्डिन यांच्याकडे. या तडजोडीची किंमत महिन्याभरात मोजावी लागली.

१८ ते २२ ऑक्टोबर

केकियोंगा म्हणजे सेंट मेरीज आणि सेंट जोसेफ या नद्या जेथे मिळून मॉमी नदी होते ती जागा, आजचे इंडियाना राज्यातील फोर्ट वेन. येथून होड्या व माल खांद्यावर घेऊन थोडी जमीन ओलांडली की वाबाशच्या पाण्यात उतरता येई, म्हणजे एरी सरोवरापासून मिसिसिपीपर्यंतचा जलमार्ग या एका वाटेवर येऊन टेकत होता. मायामी, शॉनी आणि डेलावेअर यांची गावे तेथे होती.

मोहिमेची बातमी लपवण्याचा प्रश्नच नव्हता. सेंट क्लेअर यांनी स्वतः १९ सप्टेंबरला डेट्रॉइटच्या ब्रिटिश ठाणेदाराला पत्र लिहून कळवले होते की ही चढाई ब्रिटिशांवर नाही. हार्डिन यांची आघाडीची तुकडी १५ ऑक्टोबरला पोहोचली तेव्हा गावे रिकामी होती. मुख्य फौज १७ ला आली. मिलिशियाची माणसे लुटीसाठी पांगली. पुरलेले धान्य आणि भांडीकुंडी शोधत ती गटागटाने भटकू लागली. पाच गावे आणि सुमारे २०,००० बुशेल मका जाळण्यात आला. हिवाळ्याच्या तोंडावर हे धान्य जाळण्याचा अर्थ काय होतो, हे तेथल्या बायका-मुलांखेरीज कोणाला कळले नसेल.

१८ तारखेला हार्मर यांनी ट्रॉटर यांना ३०० माणसे देऊन तीन दिवसांसाठी पाठवले. त्यांनी दोन घोडेस्वारांचा पाठलाग केला आणि त्याच संध्याकाळी ते परत आले. हार्डिन यांना हा केंटकीच्या नावाला बट्टा वाटला आणि दुसऱ्या दिवशी तीच कामगिरी त्यांनी स्वतःकडे मागून घेतली. १९ ला निघालेल्या तुकडीतून बरीच माणसे वाटेतच मागे गळाली. ईल नदीजवळ, सुमारे १८० जण लांबच लांब रांगेत चालले असताना, लिटल टर्टल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मायामी नेत्याच्या योद्ध्यांनी दबा धरून हल्ला केला. मिलिशिया जवळजवळ सगळी पळाली. कॅप्टन जॉन आर्मस्ट्राँग यांचे ३० पगारी शिपाई आणि मोजके मिलिशियावाले जागा धरून राहिले, आणि त्यांतले बहुतेक तेथेच पडले. आर्मस्ट्राँग स्वतः दलदलीत लपून वाचले. पुढे त्यांची साक्ष फार कडवट झाली.

२१ ला फौज परतीला लागली आणि आठेक मैलांवर मुक्काम पडला. तेथे हार्डिन यांनी आग्रह धरला की मायामी लोक आता गावात परतले असतील, त्यांना गाठू या. हार्मर यांनी मेजर जॉन विलिस यांच्याबरोबर ६० पगारी शिपाई आणि सुमारे ३४० मिलिशिया असे ४०० जण रातोरात मागे पाठवले. बेत चांगला होता: मिलिशियाने दोन्ही बाजूंनी वळसा घालायचा आणि मधून विलिस यांनी मॉमी ओलांडायची. २२ च्या सकाळी चकमक सुरू होताच लहान लहान टोळ्या मिलिशियाला दिसल्या आणि पळू लागल्या. मिलिशिया हुकूम सोडून त्यांच्यामागे धावली. विलिस यांचे शिपाई नदीच्या उतारावर एकटे पडले. स्वतः विलिस आणि त्यांच्या शिपायांतले बहुतेक तेथे मारले गेले. घोडदळाचे मेजर फाँटेन पुढे घुसले आणि पडले. नंतर मिलिशियाच्या काही तुकड्या शौर्याने लढल्या, हे सांगायलाच हवे, परंतु तोवर मधली फळी उरलेली नव्हती. हार्मर यांनी आपली उरलेली फौज मदतीला नेली नाही. मृतांना तेथेच सोडून ते परतले.

आता आकड्यांकडे परत येऊ. पडलेल्या १८३ पैकी ७५ जण पगारी फौजेचे होते, १०८ मिलिशियाचे. ३२० पैकी ७५ म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा. १,१३३ पैकी १०८ म्हणजे दहावा हिस्साही नाही. पहिल्या मोहिमेतच केंद्राने आपल्या मुळात नाममात्र असलेल्या फौजेतून धाडलेल्या शिपायांपैकी जवळजवळ चौथाई गमावले, आणि तेही अशा ठिकाणी जेथे त्यांच्या दोन्ही बाजूंच्या माणसांवर त्यांचा ताबा नव्हता.

दोष कोणाचा

हार्मर यांच्याविषयी वॉशिंग्टन यांचे मत निकाल कळण्याआधीच कलुषित झाले होते. हार्मर पितात असे कानावर आल्यापासून आपण फारशी आशा ठेवली नव्हती, असे त्यांनी नोव्हेंबरमध्ये नॉक्स यांना लिहिले. सप्टेंबर १७९१ मध्ये फोर्ट वॉशिंग्टनवर रिचर्ड बटलर यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी मंडळ बसले. पिण्याचा आरोप साक्षींत टिकला नाही आणि हार्मर निर्दोष ठरले. १ जानेवारी १७९२ रोजी त्यांनी फौज सोडली.

चौकशीने त्यांना सोडले म्हणून त्यांची चूक नव्हती असे मी म्हणणार नाही. शत्रूचे बळ ठाऊक नसताना फौजेचे तुकडे करून ते एकामागून एक पाठवणे, आणि पहिला तुकडा कापला गेल्यावर तीन दिवसांत तेच पुन्हा करणे, ही सेनापतीची चूक आहे. पण त्यांनी सगळी फौज एकत्र का नेली नाही, हे विचारले की उत्तर पुन्हा त्याच जागी येते. मुख्य मिलिशियावर त्यांचा विश्वास राहिलेला नव्हता आणि तोफा, जनावरे व सामान तिच्या हवाली करून पुढे जाण्याचे धाडस त्यांना झाले नाही. शिवाय प्रत्येक तुकडीत थोडेसे पगारी शिपाई मिसळून मिलिशियाला धीर द्यावा, हा त्यांचा विचार उलटा फळला. तीस आणि साठ माणसे शेकडोंना धरून ठेवू शकत नाहीत. ती फक्त शेवटपर्यंत उभी राहून मरतात.

मिलिशियाला भित्री म्हणून मोकळे होणेही मला मान्य नाही. चाप नसलेली बंदूक हातात असलेला, दुसऱ्याच्या नावावर आलेला, तीन आठवड्यांपूर्वी पहिल्यांदा भेटलेल्या अधिकाऱ्याच्या मागे चाललेला पोरगा दाट गवतातून गोळ्या आल्यावर पळाला, यात त्याच्या स्वभावाची परीक्षा झाली असे म्हणणे अन्यायाचे आहे. त्याला तपासून परत पाठवण्याचा, किंवा त्याच्या हाती चांगली बंदूक देण्याचा अधिकार आणि जबाबदारी जिची होती, ती काँग्रेस. राज्यांच्या हक्कांमुळे केंद्राचे हात बांधलेले होते, असे स्पष्टीकरण पुष्कळदा दिले जाते. अधिकाऱ्यांच्या नेमणुकीपुरते ते खरे आहे, आणि ट्रॉटर-हार्डिन तंट्यात ते दिसते. पण शस्त्रे, नोंदणी आणि शिस्त या बाबतींत हात बांधलेले नव्हते, ते वापरलेच गेले नव्हते. फुकट मिळणारी फौज म्हणून काँग्रेसने मिलिशियाकडे पाहिले, आणि ही काटकसर विलिस यांच्या शिपायांनी आणि केंटकीच्या त्या पोरांनी भरली.

त्यानंतरची पाच वर्षे

केंद्राने या अपयशातून दोन परस्परविरुद्ध धडे घेतले. एकीकडे जानेवारी १७९१ मध्ये केंटकीसाठी चार्ल्स स्कॉट, हॅरी इनेस, जॉन ब्राऊन, बेंजामिन लोगन आणि आयझॅक शेल्बी यांचे स्थानिक युद्धमंडळ नेमले गेले आणि केंटकीच्या घोडेस्वार स्वयंसेवकांना केंद्राच्या पैशाने वाबाशवर चढाया करण्याची परवानगी मिळाली. शरण आलेल्या मोलुन्था यांचा बळी घेणाऱ्या चढाईचे सेनापती लोगन आता केंद्राच्या नेमणुकीवर होते. त्या उन्हाळ्यात स्कॉट आणि नंतर जेम्स विल्किन्सन यांनी गावे जाळली, बायका-मुले कैद करून आणली. लढाई म्हणून या चढाया यशस्वी मानल्या गेल्या, आणि त्यांनी वाबाशवरच्या उरल्यासुरल्या लोकांना तटस्थही राहू दिले नाही.

दुसरीकडे मार्च १७९१ मध्ये दुसरी पलटण आणि सहा महिन्यांच्या बोलीवर २,००० माणसे भरण्याचा कायदा झाला आणि सेनापतिपद खुद्द सेंट क्लेअर यांच्याकडे आले. मिलिशियाही घेतली होतीच, केंटकीची तीनशेच्या आसपास. ३१ ऑक्टोबरला तिच्यातले साठेक जण फौज सोडून निघून गेले. मागून येणाऱ्या रसदीला ते लुटतील या भीतीने सेंट क्लेअर यांनी आपली सर्वांत मुरलेली पहिली पलटण हॅमट्रॅमक यांच्याबरोबर मागे पाठवली. ४ नोव्हेंबरच्या पहाटे वाबाशच्या उगमाजवळ हल्ला झाला तेव्हा ती पलटण तेथे नव्हती. ओढ्यापलीकडे उतरलेली मिलिशिया मुख्य छावणीतूनच पळत सुटली आणि रांगा विस्कटल्या. सहाशेहून अधिक लोक मारले गेले, त्यांत हार्मर यांची चौकशी करणारे बटलरही होते. अमेरिकी फौजेचा मूळ रहिवाशांकडून याहून मोठा पराभव कधी झाला नाही.

मग मात्र काँग्रेस हलली. मार्च १७९२ मध्ये फौज पाच हजारांवर नेण्याचा कायदा झाला. नवे सेनापती अँथनी वेन यांनी तिचे ‘लीजन’ उभे करून दोन वर्षे तिला कवायत दिली. २ मे १७९२ च्या कायद्याने परकी राष्ट्राकडून किंवा मूळ रहिवाशांच्या टोळीकडून स्वारी झाल्यास, किंवा तिचा धोका समोर दिसत असल्यास, राष्ट्राध्यक्षांनी मिलिशियाच्या कोणत्याही अधिकाऱ्याला थेट हुकूम धाडावा, गव्हर्नरमार्फत जाण्याची गरज नाही, अशी तरतूद केली. तीन महिन्यांहून जास्त काळ कोणाला ठेवायचे नाही आणि हुकूम मोडणाऱ्याला दंड करायचा, हेही त्यात होते. ८ मेच्या दुसऱ्या कायद्याने १८ ते ४५ वयाच्या प्रत्येक सशक्त गोऱ्या नागरिकाने नाव नोंदवावे आणि बंदूक, संगीन, चकमकीचे दोन जास्तीचे दगड, पाठीवरची थैली व २४ काडतुसांची पिशवी स्वतःच्या खर्चाने बाळगावी असे सांगितले. न बाळगल्यास काय, याविषयी त्या कायद्यात शिक्षा नव्हती. नॉक्स यांच्या योजनेतले वर्ग आणि सरकारी छावण्या त्यात नव्हत्या. बोलावण्याचा अधिकार पक्का झाला, घडवण्याचा पुन्हा राज्यांच्या मर्जीवर आणि माणसाच्या खिशावर सोडला गेला.

वेन यांनी म्हणूनच मिलिशियावर मधली फळी कधी सोपवली नाही. २० ऑगस्ट १७९४ रोजी फॉलन टिंबर्सच्या लढाईत स्कॉट यांच्या हाताखाली केंटकीचे सुमारे १,५०० घोडेस्वार स्वयंसेवक त्यांच्याबरोबर होते. पण लढाईचा भार लीजनने उचलला, तोही तासाभरात. त्यानंतर वेन केकियोंगाला गेले आणि तेथे किल्ला बांधला. तो २२ ऑक्टोबर १७९४ रोजी, विलिस मारले गेले त्याला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, ताब्यात देण्याचा समारंभ झाला. किल्लेदार होते हॅमट्रॅमक, ज्यांचा हुकूम व्हिन्सेन्सला ६० केंटकीवाल्यांनी धुडकावला होता.

पुढच्या उन्हाळ्यात ग्रीनव्हिलच्या तहाच्या वाटाघाटींत लिटल टर्टल यांनी केकियोंगाच्या त्या होड्या वाहण्याच्या वाटेसाठी शेवटपर्यंत वाद घातला. एकेका दिवसाला ही वाट आम्हाला शंभर डॉलर मिळवून देत असे, असे त्यांनी सांगितले. वेन यांनी ती दिली नाही. ३ ऑगस्ट १७९५ च्या तहाने किल्ल्याभोवतीची सहा मैल लांब, सहा मैल रुंद जमीन संघराज्याकडे गेली, आणि लिटल टर्टल यांनी सर्वांत शेवटी सही केली.